निळ्या वायरीला लाल चिंधी

बाबांचा उजवा हात निकामी झाला तेव्हा मी शाळेत होते. हात तुटून पडला नाही, मनगटाखाली होता, पण तीन बोटं काळी पडली म्हणून काढावी लागली आणि उरलेल्या दोन बोटांत पाण्याचा पेला टिकत नसे. रायपूरजवळच्या सिलतराच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात ते इलेक्ट्रिशियनचे हेल्पर होते. लाइन बंद आहे असं सांगून त्यांना ज्या पॅनलवर पाठवलं ती लाइन चालू होती. रबरी हातमोजे स्टोअरमध्ये होते, स्टोअरला कुलूप होतं, आणि किल्लीवाले बाबू जेवायला गेले होते. चौकशी झाली. कामगाराने हातमोजे घातले नव्हते, चूक कामगाराची, असं इंग्रजीत टाइप करून आणलं आणि बाबांनी त्यावर डाव्या हाताने सही केली. सही केली नाही तर दवाखान्याचं कोण बघणार, असं त्यांना सांगितलं होतं. पुढे कितीतरी वर्षं कोणी विचारलं तर बाबा एवढंच म्हणत, "माहीच चूक होती. घाई केली." हे ते इतक्यांदा म्हणाले की त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं असावं.

आमचं घर त्या कारखान्यांच्या पट्ट्याच्या हवेत होतं. काळी धूळ आमच्या पाऱ्यावर, म्हणजे वस्तीवर, रोज बसायची. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे माठावरचं झाकण पुसणं, मग ओटा, मग तसबिरीची काच. बाबासाहेबांच्या तसबिरीची काच आई पदराने पुसायची आणि तो पदर दिवसभर काळा राहायचा. आई एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. दुसऱ्यांच्या पोरांसाठी गव्हाच्या पोळ्या आणि आमच्यासाठी रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेली बासी, वर कांदा आणि हिरवी मिरची. आईचं माहेर वर्धेकडचं, तिला बासी कधी मनापासून आवडली नाही. "हे काय जेवण व्हय," असं म्हणत ती जेवायची. तिचं जेवण म्हणजे ज्वारीच्या कण्या आणि चून, म्हणजे पिठलं. बाबा बाजेवर बसून डाव्या हाताने रेडिओचं बटण फिरवत राहायचे. स्टेशन लागायचं, सुटायचं, लागायचं. आजही कुठे रेडिओची खरखर ऐकली की माझ्या तोंडात कच्च्या कांद्याची चव येते.

मी बी.एस्सी. झाले, भौतिकशास्त्रात. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, असं लिहायची पद्धत आहे. मी मोठेपणा म्हणूनच सांगते. आईने पाऱ्यात पेढे वाटले नाहीत, कारण पेढ्यांची ऐपत नव्हती, पण गूळ-शेंगदाणे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "माही पोट्टी गॅज्वेट झाली." बाबांनी निकालाचा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आता नोकरीले लाग."

नोकरी मिळाली ती एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेत. मालकाचा कारखानाही होता, बाबांचा नव्हे, दुसराच. या मालकाला आफ्रिकेत, टोगो नावाच्या देशात, कारखाना काढायचा होता. त्यासाठी तिथली सोळा-सतरा वर्षांची पोरं निवडून त्याने रायपूरला आणली. वर्षभर वायरिंग शिकवायचं आणि परत पाठवायचं, म्हणजे तिकडे हाताशी इलेक्ट्रिशियन तयार. सगळं ठरलं होतं, फक्त ती पोरं फ्रेंच बोलतात हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डायरेक्टर साहेब म्हणजे मालकाचे जावई. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मैडम, बिजली तो बिजली है, उसमें भाषा क्या? आप देख लीजिए." मी देख लेते म्हटलं. पहिली नोकरी होती. वर्षभर नीट काम केलंत तर कायम करू, असंही ते म्हणाले होते.

पहिल्या दिवशी फळ्यावर मी इंग्रजीत करंट लिहिलं. वर्ग माझ्याकडे पाहत राहिला. पुढच्या बाकावर आफी नावाची मुलगी होती, केसांच्या बारीक वेण्या, हनुवटी वर. ती उठली, माझ्या हातातून खडू घेतला आणि माझ्या शब्दावर फुली मारून खाली आपला शब्द लिहिला. मग म्हणाली, "कुरां." सगळा वर्ग म्हणाला, "आऽ, कुरां." तेवढ्यावर तो तास संपला. त्यांच्याकडे ज्या वारी जन्म झाला त्यावरून नाव ठेवतात, हे मला नंतर कळलं. आफी शुक्रवारची आणि तिच्या मागे बसणारा लांब हातांचा, कमी बोलणारा कॉसी रविवारचा. माझं नाव प्रज्ञा, त्याचा अर्थ मी त्यांना सांगितला तेव्हा आफीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. पाहू, अशी.

मग माझी शोधाशोध सुरू झाली. संस्थेच्या ग्रंथालयात हिंदी गाइडं होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात फ्रेंच नावाला नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर कव्हर नसलेला एक इंग्रजी-फ्रेंच शब्दकोश मिळाला, त्यात प्रवाशांना हॉटेलात काय मागायचं ते सगळं होतं आणि फ्यूज नव्हता. सदर बाजारात एका सोनाराच्या माडीवर सायबर कॅफे होता. तिथे मी रोज संध्याकाळी जाऊन बसू लागले. पान उघडायला इतका वेळ लागायचा की खालचा सोनार एक गिऱ्हाईक पटवून मोकळा व्हायचा. कॅफेवाला मुलगा एकदा माझ्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत राहिला.

"दीदी, ये कौन सी भाषा है?"

"फ्रेंच."

"अच्छा. शादी उधर हो रही है क्या?"

"नहीं, बिजली पढ़ानी है."

त्याला हे लग्नापेक्षा अवघड वाटलं असावं. त्यानंतर तो मला चांगला पंखा असलेली खुर्ची द्यायचा.

शेवटी सापडलं. फ्रान्समधल्या शाळांतले शिक्षक आपले धडे इंटरनेटवर ठेवत असत. सुंदर चित्रं होती. पण ती चित्रं फ्रान्सच्या पोरांसाठी होती. वीज कशी वाहते हे सांगायला त्यांनी बर्फाच्या डोंगरावर माणसं वर नेणारा पाळणा काढला होता. मी बर्फ पाहिला नव्हता. माझ्या वर्गानेही नाही. आम्ही सगळे त्या पाळण्याकडे पाहत बसलो आणि मग आफीने विचारलं, वर गेल्यावर ही माणसं काय करतात? घसरत खाली येतात, मी म्हटलं. मग वर कशाला जातात? दुसऱ्या दिवशी मी पाळण्याच्या जागी सायकलची साखळी काढली. पॅडल मारणारा पाय म्हणजे बॅटरी, मागचं चाक म्हणजे बल्ब, आणि साखळी म्हणजे कुरां: सगळे दुवे एकाच वेळी हलतात, एकही दुवा संपत नाही. सायकल त्यांच्याकडे होती, आमच्याकडे होती. कॉसी पहिल्यांदाच बोलला. त्याने विचारलं, साखळी तुटली तर? मी म्हटलं, बल्ब बंद. तो हसला. वर्गात एकदम आवाज झाला, सगळे एकमेकांना समजावू लागले. शिकवणं काय असतं ते मला त्या तासाला कळलं. चित्र घाईत काढलं होतं, पॅडल साखळीच्या उलट्या बाजूला गेलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, मीही ते तसंच राहू दिलं.

असे मी एकेक पान जमवू लागले. चित्र माझं, मजकूर तिकडच्या धड्यांवरून, फ्रेंच आफीने सुधारलेलं. ती माझ्या वाक्यांना हसायची आणि आपल्या बाकावर बसूनच फर्मान सोडायची, "नों, मादाम." मी परत लिहायचे. एका रविवारी मी काही जणांना घरी नेलं. आईने कण्या रांधल्या, चून केलं. कॉसीने हाताने गोळा केला, चुनात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "पात," तो म्हणाला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचं असंच करतात. आईला शब्द कळला नाही, पण चेहरा कळला. "घे ना बाबू, आणखीन घे," म्हणत ती वाढत राहिली. बाबा बाजेवरून पाहत होते. कॉसीने त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि मला खुणेने विचारलं. मी म्हटलं, "कुरां." त्याने मान खाली घातली.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे त्या वेळी तीन फेजच्या वायरी लाल, पिवळी आणि निळी अशा असत आणि न्यूट्रल काळी. म्हणजे निळ्या वायरीत करंट. फ्रान्सच्या पद्धतीत, आणि म्हणून टोगोतही, निळी वायर म्हणजे न्यूट्रल. हात लागला तरी सहसा काही होणार नाही अशी. माझ्या पानांवर निळी न्यूट्रल होती, कारण या पोरांना आयुष्यभर तिकडेच काम करायचं होतं. आणि वर्कशॉपमधल्या बोर्डांवर निळी चालू. मी वर्गात सांगितलं होतं, इथे निळी वेगळी. त्यांनी माना हलवल्या होत्या. पण एके दिवशी एका पोराने दिवा लावताना एक टोक लाल वायरीला आणि दुसरं निळीला जोडलं. दोन फेजचा जोर एका बल्बवर आला. तो पांढरा लखलखला आणि फुटला. काचा बाकावर पडल्या, कोणाला लागलं नाही. पोरं टाळ्या वाजवून हसली. डोक्याने शिकलेलं हात विसरतो, आणि मग त्या हाताचं काय होतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी डायरेक्टर साहेबांकडे गेले. निळ्या वायरी बदला म्हटलं, निदान या बॅचपुरत्या.

"मैडम, इंडिया में हैं तो इंडिया का सीखेंगे."

"सर, काम तो उधर करेंगे. उधर नीला न्यूट्रल है. यहाँ की आदत उधर, उधर की आदत यहाँ, दोनों तरफ मरेंगे."

"आप थ्योरी की मैडम हैं ना? वर्कशॉप साहूजी देखेंगे."

साहूजी वर्कशॉपचे उस्ताद, भला माणूस, प्रत्येक गोष्टीला "हव मैडम" म्हणणारा. मी घरी आले, आईचं जुनं लाल पोलकं मागितलं. "काहून? चांगलं हाय ना ते अजून," ती म्हणाली. मी सांगितलं कशाला पाहिजे. तिने बाबांकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच कात्री घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून वर्कशॉपमधल्या प्रत्येक निळ्या वायरीच्या टोकाला लाल चिंधी बांधली. आफीने नियम केला: चिंधी दिसली की मोठ्याने "दांजे" म्हणायचं, म्हणजे धोका, आणि मग टेस्टर. वर्कशॉपमधून दिवसभर "दांजे, दांजे" ऐकू यायचं. साहूजीही म्हणायला लागले. काही महिने एकही बल्ब फुटला नाही.

मग टोगोहून, पोरांना पाठवणाऱ्या लोकांचा माणूस पाहणीला येणार असं कळलं. भिंती रंगवल्या. कुंड्या आणल्या. आदल्या दिवशी डायरेक्टर साहेब वर्कशॉपमधून फिरले आणि चिंध्या पाहून थबकले.

"ये क्या है? मन्नत का पेड़ बना रखा है? बाहर से आदमी आ रहा है, झाड़-फूँक समझेगा."

मी सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. साहूजींना म्हणाले, "सब निकालिए." साहूजी माझ्याकडे पाहत म्हणाले, "हव साहब." मी दारातच उभी राहून म्हटलं की मग पाहणी होईपर्यंत बोर्डांची लाइन बंद ठेवा. ते म्हणाले, बंद बोर्ड दाखवायचा का पाहुण्यांना.

पाहुणे आले त्या सकाळी मी वर्गात होते. वर्कशॉपमधून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि मग आफीची किंकाळी. कॉसीने लाल वायरीचा स्विच बंद केला होता, नीट, शिकवल्याप्रमाणे. आणि चिंधी नसलेल्या निळीचं टोक सोलायला हातात धरलं होतं. झटक्याने तो लोखंडी बाकावर आपटला. कोपराचं हाड मोडलं. तळहातावर पांढरा डाग पडला होता, कडेने काळा. जळल्या कातडीचा तो वास मला बाबांच्या हातापासून ओळखीचा होता. साहूजींनी मेन स्विच पाडला होता. कॉसी शुद्धीवर होता. मला पाहून तो म्हणाला, "पार्दों, मादाम." माफ करा, असं. ज्याचा हात भाजला तोच माफी मागत होता. माझ्या घरात हे ऐकून झालं होतं.

त्याला दवाखान्यात नेलं आणि दुपारी मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. पाहुणे उंच, राखाडी सूट घातलेले, कपाळावर घाम. त्यांना इंग्रजी थोडंच येत होतं. डायरेक्टर साहेबांनी इंग्रजीत सांगितलं की मुलाने निष्काळजीपणा केला. पाहुण्यांचा चेहरा कोराच राहिला. तेव्हा साहेब माझ्याकडे वळले, आवाज एकदम गोड.

"मैडम, इनको इनकी भाषा में समझा दीजिए. लड़के की अपनी गलती थी. और वो आपके परमानेंट वाली बात, वो भी हम आज ही कर लेते हैं."

माझं फ्रेंच म्हणजे पोरांकडून उचललेलं. वाक्यं जोडता येत नव्हती, शब्द येत होते. मी टेबलावरचा निळा पेन उचलला आणि तो त्यांच्यासमोर धरून म्हणाले, "मस्यू. शे वू, ब्लो, नोत्र." तुमच्याकडे निळी न्यूट्रल. त्यांनी मान हलवली. "इसी, ब्लो, दांजे." इथे निळी धोका. ते पुढे वाकले. मग मी पर्समध्ये हात घातला. साहूजींनी काढलेल्या चिंध्या मी आदल्या संध्याकाळी कचऱ्यातून उचलून ठेवल्या होत्या. एक काढून मी पेनाला बांधली. "दांजे," म्हटलं. मग सोडली आणि साहेबांकडे बोट दाखवलं. "कॉसी, नों," मी म्हटलं. कॉसीची चूक नाही. एवढंच आलं. पाहुण्यांनी ती चिंधी उचलून हातात घेतली.

"क्या बोलीं आप?" साहेबांनी विचारलं.

"जो हुआ, वो बोली." आणि मग तेच सगळं त्यांना हिंदीत ऐकवलं, म्हणजे त्यांनी नंतर समजलं नाही असं म्हणू नये.

पाहुण्यांनी वायरी बदलेपर्यंत वर्कशॉप बंद ठेवायला लावलं. आठवड्याभरात निळ्यांच्या जागी तपकिरी वायरी आल्या आणि काळी न्यूट्रल निळी झाली. ते मी पाहिलं नाही, साहूजींनी सांगितलं. मला त्याच संध्याकाळी शिपायाने गेटवर निरोप दिला, "मैडम, कल से मत आइएगा. साहब ने बोला है." माझी पानं कपाटात राहिली, कपाटाची किल्ली संस्थेकडे.

घरी सांगितलं तर आईने ताट वाढलं. बाबा बाजेवरून उठून बसले.

"तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

"कोणीच नाही."

"चालू नोकरी घालवली. कायम करून राहिले होते तुले. चूक पोट्ट्याची म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं? चार दिवसात सारे विसरतात."

"तुम्ही विसरले का?" मी विचारलं.

त्यांनी रेडिओ लावला. ते माझ्याशी त्या पावसाळ्यापर्यंत बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, नोकरीचा राग आहे. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाला टेकले आहे तेव्हा वाटतं, राग नोकरीचा नव्हता. जे त्यांना डाव्या हाताने लिहून द्यावं लागलं होतं ते मी लिहून दिलं नाही, हे त्यांना सहन झालं नसावं. त्यांनी मला शाबासकी कधीच दिली नाही आणि मीही ती मागितली नाही. आम्ही दोघंही हट्टी.

काही वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या त्याच ठेल्यावर मला एक गुळगुळीत कव्हरचं पुस्तक दिसलं. फ्रेंच भाषिक प्रशिक्षणार्थींसाठी विद्युत-परिचय. लेखक म्हणून डायरेक्टर साहेबांचं नाव, आत त्यांचा फोटो. मी उभ्यानेच उघडलं. तिसऱ्या पानावर सायकलची साखळी होती, पॅडल उलट्या बाजूला. आफीने सुधारलेली वाक्यं जशीच्या तशी. ठेलेवाला म्हणाला, "ले लो दीदी, कोई नहीं ले रहा." मी घेतलं नाही. माझीच गोष्ट मी विकत कशाला घेऊ? वाटेत मात्र दोनदा थांबून मागे पाहिलं. संस्थेच्या पुढच्या बॅचेस आल्या, मोठी इमारत झाली, साहेबांना कुठेकुठे शाली मिळाल्या. मालकांचा टोगोतला कारखाना उभा राहिला. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं आणि वर्तमानपत्र मेसच्या पोळ्या गुंडाळायला आईला दिलं.

नोकरी गेल्यावर वर्षभर मी पाऱ्यातल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. मग एम.एस्सी. केलं, आणि सरकारी पॉलिटेक्निकमध्ये लागले, परीक्षा देऊन, कोणाच्या शब्दावर नाही. आजही तिथेच शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत हातमोज्यांच्या कपाटाला मी कुलूप लावू दिलं नाही. त्यावरून मला दोनदा विचारणा झाली, मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

टोगोची ती बॅच पूर्ण झाली. कॉसीचं कोपर जुळलं, तळहाताची कातडी आली, बोटं सगळी राहिली. जाण्याआधी आफी त्याला घेऊन आमच्या घरी आली होती, कण्या खायला. त्याने बाबांच्या पायाला हात लावला, आमच्याकडे पाहून शिकला होता, तोच हात. त्या बॅचमधली सगळी पोरं आपापले दोन्ही हात घेऊन घरी गेली, आणि निळी वायर म्हणजे काय हे त्यांना मी शिकवलं होतं.